नंदादीप पहाटे विझतो, काजळी धरतो? तेलाआधी वातीचं सूत तपासा

घटस्थापना झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सोलापुरात घरोघरी हीच तक्रार ऐकू येते. संध्याकाळी समई भरली, ज्योत ठसठशीत होती. पहाटे उठून बघितलं तर समईत तेल अर्ध्याहून जास्त शिल्लक आणि वातीच्या टोकावर काळा कडक गुल. मग बोल लागतो तेलाला. दुकान बदलतं, महागडं ‘पूजेचं तेल’ येतं, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. घरातल्या मोठ्या माणसांचं मन उगाच खट्टू होतं, ते वेगळंच. यात शकुन-अपशकुनाचा काही संबंध नाही. तेल असताना दिवा विझला म्हणजे तेल ज्योतीपर्यंत पोचलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. अडथळा बहुतेक वेळा वातीत असतो.

आपल्या गावात हे जास्त होण्याला कारणही आहे. इथे सुताला तोटा नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, साखर पेठेपासून अशोक चौकाच्या पुढपर्यंत टॉवेल-चादरीचे माग आहेत, आणि उरलेलं सूत कुणाच्या ना कुणाच्या ओळखीने घरी येतं. पांढरंशुभ्र, मऊ, फुकट. त्याच्या वाती वळल्या जातात. पण मागावरचं सूत विणण्यासाठी तयार केलेलं असतं, तेल ओढण्यासाठी नाही. त्यामुळे सूत ‘प्युअर कॉटन’ असलं तरी वात नापास होऊ शकते.

वात जळते कशी, विझते कशी

ज्योतीत तेल जळत नाही, तेलाची वाफ जळते. धाग्यांमधल्या बारीक फटींतून तेल वर चढतं, टोकाशी तापून त्याची वाफ होते, ती पेटते. वाफ होताना टोकाची उष्णता ओढली जाते, म्हणून तेल येत राहतं तोवर कापूस स्वतः फारसा जळत नाही. तेलाचा पुरवठा कमी पडला की टोक करपतं. करपलेल्या टोकाच्या फटी बंद होतात, पुरवठा आणखी कमी होतो, आणखी करपतं. संध्याकाळी सुरू झालेला हा फेरा पहाटे तीन-चारला संपतो. दिवा अचानक विझल्यासारखा वाटतो, पण तो रात्रभर हळूहळू उपाशी राहिलेला असतो.

दुसरी गोष्ट तेलाच्या दाटपणाची. कंदिलाची टाकी खाली आणि ज्योत वीतभर वर असली तरी चालतं, कारण रॉकेल पातळ. शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल रॉकेलच्या कितीतरी पट दाट आहे. ते वीतभर चढून ज्योतीला पुरेल इतकं पोचत नाही. म्हणूनच समईला तेलाची वाटी आणि ज्योत जवळजवळ एकाच पातळीवर असतात. तेलाची पातळी ज्योतीपासून 2 सेंटीमीटरपेक्षा खाली जाऊ देऊ नका. एरंडेल तर याहून दहापट दाट. ते शुद्ध वापरलं तर चांगली वातही मंदावते. हवंच असेल तर तिळाच्या तेलात चौथा हिस्सा, त्याहून जास्त नको.

पहिला संशयित: खळ

मागावर ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्याला खळ लावतात. सायझिंगमध्ये धाग्यावर स्टार्चचा किंवा तशाच कृत्रिम पदार्थाचा पातळ थर बसवतात, सोबत थोडं मेण किंवा मऊपणासाठी चरबीसारखं काही असतं. याने धागा घर्षण सोसतो, तुटत नाही. मागासाठी हे योग्यच. वातीसाठी मात्र ज्या फटींतून तेल चढायचं त्याच फटी या थराने बुजतात. शिवाय ज्योतीजवळ स्टार्च करपतो तो तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा, कडक आणि कोळशासारखा. वातीच्या टोकावरचा टणक गुल चिमट्याने दाबल्यावर कुरकुरत असेल तर खळ समजा. नुसत्या कापसाचा गुल बोटात चुरला की मऊ भुकटी होतो.

खात्री करायला आयोडीन पुरतं. जखमेला लावायचं तपकिरी औषध, ज्यात पोव्हिडोन-आयोडीन असतं, त्याचा एक थेंब दहा थेंब पाण्यात मिसळा आणि धाग्यावर टाका. निळा-काळा डाग उमटला तर स्टार्च आहे. तपकिरीच राहिला तर स्टार्च नाही, पण कृत्रिम खळ असू शकते. तिच्यासाठी पुढे दिलेली तेलाची चाचणी करा.

सरळ उपाय असा की ताण्याचं सूत घेऊच नका. बीमवरून, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळावरून निघालेले तुकडे, गाठी मारून उरलेली टोकं हे सगळं ताण्याचं. बाण्याच्या, म्हणजे आडव्या सुताला खळ लावत नाहीत. ओळखीच्या कारखान्यात मागायचं असेल तर ‘कोनवरचं बाण्याचं कोरं सूत’ असं स्पष्ट सांगा, रंगवलेलं नको म्हणा.

ताण्याचंच सूत हाताशी असेल तर खळ काढता येते. 100 ग्रॅम सुताची सैल लड करा. मोड आणून वाळवलेल्या ज्वारीचं किंवा नाचणीचं पीठ दोन मोठे चमचे घ्या, कोमट पाण्यात कालवून फडक्याने गाळा. स्टीलच्या पातेल्यात 3 लीटर पाणी 55 ते 60 अंशांपर्यंत तापवा; बोट जेमतेम क्षणभर टिकेल इतपत. गॅस बंद करून त्यात हे गाळलेलं पाणी आणि लड घाला, झाकून दोन तास ठेवा. मोडातलं विकर (एन्झाइम) स्टार्च फोडतं. पाणी उकळतं असेल तर विकर मरतं आणि सगळी मेहनत वाया जाते, घाई नको. नंतर साध्या पाण्यात 5 ग्रॅम धुण्याचा सोडा टाकून लड अर्धा तास उकळा, तीन पाण्यांनी खळबळून काढा, दोन दिवस कडक उन्हात वाळवा. सोडा उकळायला ॲल्युमिनियमचं पातेलं घेऊ नका, ते काळं पडतं आणि झिजतं. कपड्यांना सुगंध देणारं कंडिशनर शेवटच्या पाण्यात घालायची सवय असेल तर इथे ती आवरा. तो थर पुन्हा फटींतच बसतो. वाळल्यावर आयोडीन परत लावून बघा.

दुसरा संशयित: मिश्र सूत, आणि हा धोक्याचा

पॉलिस्टर मिसळलेलं सूत दिसायला कॉटनसारखंच असतं. पॉलिस्टर साधारण 250 ते 260 अंशांना वितळतं, म्हणजे ज्योतीजवळ त्याचा टिकाव लागणं शक्य नाही. वितळून ते कापसाच्या फटींत शिरतं आणि वात आतून बुजवतं. वात मंदावते ती यामुळे, पण खरा घोर दुसराच आहे: वितळलेला पेटता थेंब वातीवरून खाली टपकतो. खाली ताम्हन असेल तर ठीक, पाटावरचं कापड असेल तर नाही. धूरही काळा, दाट, कडू वासाचा. देवघराच्या भिंतीवर नऊ दिवसांत काळा पट्टा उठत असेल तर सूत मिश्र असण्याची शक्यता आधी तपासा.

चाचणी अर्ध्या मिनिटाची. धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरा, खाली पाण्याची वाटी ठेवा, टोक पेटवा. कापूस भरभर जळतो, कागद जळल्याचा वास येतो, राख करडी आणि हाताला मऊ. पॉलिस्टर आधी आक्रसतं, मग वितळतं, थंड झाल्यावर टोकाला काळा टणक मणी राहतो. राख आणि मणी दोन्ही आले तर सूत मिश्र. ते वातीसाठी बाद. धुऊन, उकळून काही फरक पडत नाही. नायलॉन आणि ॲक्रिलिकही याच पंगतीतले, आणि ॲक्रिलिकचा धूर तर विषारी असतो. जुन्या साडीची, ओढणीची चिंधी वात म्हणून वापरतात, तिथेही आधी हीच चाचणी.

व्हिस्कोसचं, म्हणजे रेयॉनचं सूत वितळत नाही, कापसासारखंच जळतं. पण वात लवकर ढेपाळते, टोक झुकून तेलात बुडतं. अडीनडीला एक रात्र चालेल.

काचेच्या धाग्याची ‘कायमची’ वात

ऑनलाइन मिळणारी, कधी न जळणारी पांढरी वात म्हणजे बहुधा ग्लास फायबर. ती जळत नाही हे खरं. अशा वाती पातळ इंधनाच्या दिव्यांसाठी बनतात. गोड्या तेलात काही दिवसांत तेलाचा चिकट थर तिच्या आत बसतो आणि वात तशीच पांढरी दिसत असताना तेल ओढणं थांबवते. ती कापताना बारीक काचतंतू सुटतात, बोटांना खाज येते, डोळ्यांना त्रास होतो. समईच्या वाटीत हात घालणारे घरातले सगळेच, लहान मुलंही. आमच्या मते देवघराच्या उघड्या दिव्यात हिचं काम नाही.

धातूची तार आत घातलेल्या वातीही मिळतात. तारेत शिसं असेल तर ज्योतीत त्याचा धूर होतो. याच कारणाने अमेरिकेत 2003 साली शिशाच्या तारेच्या मेणबत्ती-वातींवर बंदी आली. तार कसली आहे ते कळत नसेल तर ती वात घेऊ नका. समईच्या चोचीत वात उभी राहायला तारेची गरज पडतच नाही.

मग कापूस कसा असावा

इथे एक गैरसमज खोडायला हवा. ‘चांगला कापूस पाण्यात लगेच बुडतो’ ही चाचणी जखमेच्या कापसाची आहे, वातीच्या कापसाची नाही. बोंडातून काढलेल्या कच्च्या कापसावर नैसर्गिक मेणाचा सूक्ष्म थर असतो, म्हणून तो पाण्यावर तरंगतो. तोच थर तेलाला मात्र जवळ करतो. सरकी काढून हाताने पिंजलेला साधा कापूस तेलाच्या वातीसाठी उत्तम आहे, आणि आजीच्या हातची वात रात्रभर टिकायची त्यात हाही भाग होता. मेडिकलमधला गुंडाळीचा कापूस चालतो, पण तो हवेतला ओलावा पटकन धरतो. पावसाळ्याच्या शेवटी तो उघडा ठेवला असेल तर वात तडतडते. वळण्याआधी तासभर उन्हात ठेवा.

कोणतंही सूत घ्या, तेलाची चाचणी चुकवू नका. सारख्या जाडीच्या 15 सेंटीमीटरच्या वाती करा. प्रत्येकीचं खालचं 2 सेंटीमीटर टोक तेलाच्या वाटीत बुडेल अशा बेताने त्या दोरीला टांगा. दहा मिनिटांनी आणि तासाभराने तेल कुठवर चढलं तिथे पेनाने खूण करा. खळीची वात आणि कोऱ्या सुताची वात शेजारी टांगली की फरक डोळ्यांनी दिसतो, वाद राहत नाही.

जाडी आणि पीळ यांवरही बरंच अवलंबून आहे. 2/20 चं सूत, म्हणजे वीस नंबरचे दोन धागे एकत्र पिळलेलं, एका ग्रॅममध्ये साधारण 17 मीटर बसतं. त्याचे 20 ते 24 पदर घेतले की अंदाजे 2 मिलिमीटर जाडीची वात होते. एका ज्योतीच्या समईला ती पुरे. पीळ सैल ठेवा, दोन सेंटीमीटरला एक वेढा. दोरीसारखी घट्ट वळली की फटी दबतात. तसंच समईच्या चोचीत वात कोंबून बसवू नका. चिमट्याने हलके ओढली तर सरकली पाहिजे. नवीन वात पेटवण्याआधी किमान पंधरा मिनिटं तेलात पूर्ण बुडवून ठेवा. कोरडं टोक पेटवलं की पहिल्या मिनिटातच ते करपतं, आणि वर सांगितलेला फेरा तिथूनच सुरू होतो.

टोक चोचीबाहेर 4 ते 5 मिलिमीटर. ज्योत 2 ते अडीच सेंटीमीटर उंच आणि टोकाला धूर नाही, ही योग्य स्थिती. धूर निघत असेल तर आधी वात मागे सारा. वातीत दोष नसतानाही काजळी धरते त्याचं नेहमीचं कारण म्हणजे टोक जास्त बाहेर असणं किंवा पंख्याचा झोत.

वात चांगली असूनही अडलं तर

आता तेलाकडे वळा. आपल्याकडे करडईचं तेल घरात असतंच. खायला चांगलं, पण अखंड दिव्याला अडचणीचं. करडईचं तेल हवेत आणि उष्णतेत घट्ट होत जाणाऱ्या तेलांपैकी आहे. दोन-तीन दिवसांत समईच्या काठाला मधासारखा चिकट पिवळा थर दिसतो, तोच वातीतही बसलेला असतो. जवसाचं तेल याबाबतीत त्याहून वाईट. नऊ दिवसांच्या दिव्याला तीळ किंवा शेंगदाणा घ्या. घाण्याचं तेल असेल तर तीन-चार दिवस स्थिर ठेवून वरचं निवळ तेल दुहेरी फडक्यातून गाळून वापरा, तळचा गाळ नको. भजी-पुऱ्या तळून उरलेलं तेल दिव्याला घालणं म्हणजे वातीत मीठ आणि पीठ भरणं.

खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठतं. नवरात्रात अडत नाही, पण सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, संक्रांतीच्या आगेमागे, रात्री समईत ते थिजतं आणि दिवा विझतो. तुपाचंही तसंच. निरांजनात फुलवात चालते कारण ती बसकी असते, पाकळ्या तुपात पसरलेल्या असतात आणि ज्योतीची धग थेट खालच्या तुपाला मिळते. लांब वातीला तूप झेपत नाही.

तडतड होत असेल तर पाणी. समई घासून, पुसून, उन्हात न वाळवता भरली की चोचीत पाणी राहतं. ते तेलाखाली बसतं आणि वात ते ओढते.

सकाळी समईखालच्या ताम्हनात तेल साठलेलं दिसतं, समई गळत नाही, तरीही? वातीचं बाहेरचं टोक तेलाच्या पातळीपेक्षा खाली लोंबत असणार. मग वात तेल वर नेण्याऐवजी बाहेर ओतते, नळीने टाकी रिकामी करावी तशी. टोक वर उचलून बसवा.

दिवा तेल संपून विझताना जो डोळे झोंबणारा वास येतो तो ॲक्रोलिनचा. तेलातला ग्लिसरीनचा भाग जास्त तापला की तो तयार होतो. ई-सिगारेटमध्ये कॉइलभोवतीची कापसाची वात कोरडी पडल्यावर हेच घडतं, कारण तिथल्या द्रवातही ग्लिसरीन असतं. ती उपकरणं आपल्याकडे 2019 पासून बंद आहेत. डास मारायच्या लिक्विड मशीनमधली काडीही वातच असते. ती सुकली म्हणून तिच्या जागी कापूस किंवा सूत घालायचा जुगाड कृपा करून करू नका. तिथलं द्रव ज्वलनशील असू शकतं आणि काडीची जाडी, फटी त्या हिटरच्या हिशोबाने ठरवलेल्या असतात.

अखंड ठेवायचा असेल तर

नऊ दिवस म्हणजे 216 तास. तासाला 5 मिलिलीटर धरलं तर 1 लीटर 80 मिलिलीटर तेल लागेल. पण आपल्या समईचा हिशोब आपणच काढा. पहिल्या संध्याकाळी खुणेपर्यंत तेल भरा, चार तासांनी परत त्या खुणेपर्यंत किती लागलं ते मोजा. रात्री झोपताना तेवढ्या हिशोबाने तेल आहे ना ते बघा.

वात चोवीस तासांनी बदला, गुल धरायची वाट पाहू नका. तेलात भिजलेली नवी वात जुनीच्या शेजारी ठेवा, जुन्या ज्योतीवर पेटवा, ती स्थिर झाली की जुनी चिमट्याने काढा. ज्योत खंडत नाही. गुल झाडताना तो वाटीत पडू देऊ नका. तेलात तरंगणारा गुल आणि कापसाचे तुकडे दुसऱ्या वातीचं काम करतात, आणि एका ज्योतीच्या जागी अख्खी वाटी पेटते.

गोडं तेल सहज पेट घेत नाही. त्याची वाफ पेटायला तेल 300 अंशांच्या वर तापावं लागतं. रॉकेलला 35-40 अंश पुरतात, म्हणजे आपल्या उन्हाळ्यातली दुपार. ‘वात नीट धरावी’ म्हणून तेलात चमचाभर रॉकेल घालायची जुनी सवय कुठे असेल तर ती आजच थांबवा. पातळ खनिज दिवा-तेल मुलाने गिळलं तर उलटी करवू नका. ते फुप्फुसात उतरतं. थेट दवाखान्यात न्या.

समई परातीत ठेवा, परातीत दोन बोटं कोरडी वाळू. बाजूला फूटभर, वर तीन फूट काही लोंबतं नको: तोरण, थर्माकोलची मखर, पडदा, घटावरची सुकत चाललेली माळ. माळ रोज वाढते आणि रोज खाली येते, हे लक्षात ठेवून पहिल्याच दिवशी अंतर जास्त धरा. काचेची चिमणी लावणार असाल तर खालून हवा यायला जागा सोडा. वाटी पेटलीच तर पाणी ओतू नका, पेटतं तेल उसळून अंगावर येतं. सपाट झाकण किंवा ताटली बाजूने सरकवून झाका आणि पूर्ण गार होईपर्यंत उचलू नका. ती ताटली समईच्या शेजारीच ठेवलेली असावी, स्वयंपाकघरात नाही.

काढलेल्या वाती आणि समई पुसलेली तेलकट फडकी पिशवीत कोंबून ठेवू नका, करडई किंवा जवसाच्या तेलाची तर मुळीच नाही. घट्ट होणारं तेल हवेशी संयोग पावताना उष्णता सोडतं, आणि गोळा करून ठेवलेल्या कापसात ती साठत जाऊन तो काडी न लावताही पेटू शकतो. जुन्या डब्यात थोडं पाणी घाला, वाती त्यात टाका, विसर्जनाच्या दिवशी एकदमच बाहेर काढा.